बिनक्लचची गाडी

"मला ठाऊक नाही" हे वाक्य माझ्या तोंडून आजवर कुणीही ऐकलेलं नाही! वर्गातल्या पोरांनी नाही, मुख्याध्यापकांनी नाही, सासऱ्यांनी तर नाहीच नाही. शास्त्राचा शिक्षक आहे मी. दूध का उतू जातं, स्टोव्ह का भडकतो, विजेचा दिवा फडफडून का जातो, काहीही विचारा, उत्तर तयार! आमची चारुशीला म्हणते, "तुम्हाला प्रश्न संपायच्या आधीच उत्तर येतं, तेच तर दुखणं आहे." बायकोचं बोलणं मी मनावर घेत नाही.

आमचं बिऱ्हाड साताऱ्याबाहेर, कोडोलीकडं जाणाऱ्या रस्त्याला, सुभेदार सयाजीरावांच्या घरातल्या पुढच्या दोन खोल्यांत. आता हे घर माझ्या सल्ल्यावर चालतं असं मी स्वतःच्या तोंडानं कशाला सांगू? पण चालतं! विहिरीवरची मोटर किती वेळ ठेवावी, खंडेनवमीला कुठल्या अवजाराला कसलं तेल द्यावं, ग्रहणात पाणी झाकावं की नाही, सुभेदारांच्या मंडळी, बनुवहिनी, पदर सावरत दारात येतात आणि विचारतात, "मास्तर, शास्त्रात काय म्हनत्यात?" मग मी सांगतो. चांगलं सविस्तर सांगतो.

त्यामुळं सुभेदारांची गाडी बंद पडली तेव्हा मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "सुभेदार, काळजी सोडा! चार दिवसांत तुम्हाला निर्णय देतो!"

गाडीबद्दल आधी सांगायला हवं. धरणाच्या कामावर आलेला एक परदेशी साहेब मायदेशी जाताना ती मागं ठेवून गेला होता. रंग मोरपंखी, लांबी आमच्या दोन्ही खोल्यांएवढी, आणि क्लच नाही! गिअर आपापले पडतात. उजव्या पायानं पळवायची, उजव्याच पायानं थांबवायची, डाव्याला बसून पगार. आणि सुभेदारांना तेच हवं होतं. एकाहत्तरच्या लढाईत त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. पुण्याहून लाकडी पाय लावून आले तेव्हा सगळं गाव म्हणालं, आता गाडीबिडी विसरा. सुभेदार विसरले नाहीत. शोधशोधून त्यांनी ही गाडी गाठली, आणि त्याच वर्षी पौषात बनुवहिनींना शेजारी बसवून, स्वतः चालवत औंधच्या यमाईच्या यात्रेला नेलं. तेव्हापासून अठरा वर्षं हा नेम चुकलेला नाही. चालतात असे ताठ की नव्या माणसाला पायाचं कळत नाही. खरं सांगायचं तर आम्हीसुद्धा विसरूनच गेलो होतो.

हे चौऱ्याण्णव साल. पौर्णिमेला राहिले होते वीस दिवस. यात्रेआधी गाडी जरा पळवून बघू म्हणून रविवारी सकाळी आम्ही चौघं निघालो. पहिल्याच चढाला इंजिन बोंबलायला लागलं आणि गाडी मागं यायला लागली!

"मास्तर, पुढं जायाचं सोडून ही माघार घेतीया!" सुभेदार ओरडले.

"गुरुत्वाकर्षण!" मी मागून सांगितलं.

चारुशीलानं खिडकीतून नाक बाहेर काढलं. "कुणाकडं तरी भजी तळतायत. काय वास सुटलाय!"

"इथं गाडी मरायला टेकलीय आणि तुला भजी सुचतायत?" मी म्हणालो. तिनं नाक आत घेतलं. आमच्याकडं शेवटी शास्त्राचंच चालतं.

शेजारच्या गुऱ्हाळाचे मालक आकाराम, त्यांच्या बैलजोडीनं गाडी ओढत घरी आणली. पोवई नाक्यावरचे ज्योतिबा मिस्त्री आले, गाडीखाली गेले, बराच वेळ तिथंच राहिले. झोपले की काय असं आम्हाला वाटायला लागलं तेव्हा बाहेर आले.

"इंजान झ्याक हाय. गिअरबॉक्स गेला. जळकाट वास मारतुया."

"मग उघडा की!"

"मास्तर, ह्यो उघडीन मी. झाकायचा कुनी? असला बॉक्स आमच्या बापजाद्यांनी न्हाई बघितला. दुसराच कायतरी बसवाय लागंल."

झालं! दुसऱ्या दिवसापासून अंगणात माणसं जमायला लागली. गाडी बंद पडल्याचं दुःख कुणालाच नव्हतं, सगळ्यांना फक्त बघायचं होतं. क्लच नाही म्हणजे काय? जागा रिकामी आहे की भोक आहे? एस.टी.वर ड्रायव्हर असलेला अर्जुना तर रजा काढून आला. आत बसला आणि डाव्या पायानं जमीन चाचपत राहिला. "गड्या, न्हाईच की रं! मग गिअर टाकताना ह्यो पाय करतोय काय?"

"काही नाही."

"आयला! एस.टी.त असतं तर पंचवीस वर्सांत माझा गुडघा वाचला असता!"

मी वहीत तीन रकाने आखले. शास्त्रीय पद्धत! पहिला रकाना: असाच बॉक्स दुसरा मिळवणं. मुंबईच्या भंगार बाजारात हुडकायचा, सापडला तर सापडला, पण पौर्णिमा काय थांबणार आहे? दुसरा रकाना: अर्जुनाची सूचना, ट्रॅक्टरचा बॉक्स. त्यात गाडी चालली असती, पण पाठीमागं नांगर जोडावा लागला असता. तिसरा रकाना: जीपचा बॉक्स. ज्योतिबांकडं एक तयार पडून होता, कुठलाही मिस्त्री दुरुस्त करील असा. मी दोन दिवस विचार केला, शाळेत पोरांकडून घर्षणाचा धडा पाठ करून घेतला, आणि बुधवारी संध्याकाळी अंगणात सगळ्यांसमोर निकाल दिला. "जीप!"

सुभेदारांच्या मिशा फुलल्या. "वा मास्तर! फौजेत लय जीप चालवली म्या! लडाखात चालवली, राजस्थानात चालवली! हिला जीपचा बॉक्स म्हंजी काय, उडंल ही!"

"मंग उद्याच कामाला लागतो!" ज्योतिबा म्हणाले. अर्जुनानं टाळी वाजवली. आकारामनं सगळ्यांना गूळ वाटला. बनुवहिनी चहाचा ट्रे घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी आमचं कौतुक संपेपर्यंत वाट बघितली आणि हळूच विचारलं, "आनि क्लच कंच्या पायानं दाबायचा?"

ज्योतिबा पान्याकडं बघायला लागले. अर्जुना आकाशाकडं. सुभेदारांनी आपल्या डाव्या पायाकडं असं बघितलं की जणू तो पाय त्यांना आत्ताच कुणी आणून दिला. एवढी मोठी माणसं आम्ही, मी तर पदवीधर, आणि आठवलं कुणाला? चहा गार होतोय म्हणून उभ्या असलेल्या बाईला! मला लाज वाटली. खरंच वाटली. पण ती मी दाखवली नाही, कारण तेवढ्यात मला उत्तर सुचलं.

"क्लच मी दाबेन!" मी म्हणालो.

"म्हंजी?"

"साधी श्रमविभागणी! सुभेदार चालवणार, मी शेजारी बसून क्लच सांभाळणार. यात्रा वर्षातून एकदा. एक दिवस मी रजा काढीन!"

"आणि वहिनी कुठं बसणार?" चारुशीलानं विचारलं.

"मागं."

बनुवहिनी ट्रे घेऊन आत गेल्या.

आधी प्रयोग, मग निष्कर्ष, हा माझा बाणा. म्हणून गाडीला हात लावण्याआधी ज्योतिबांच्या जीपवर सराव करायचं ठरलं. सुभेदार स्टीअरिंगवर, मी त्यांच्या डावीकडं. क्लच त्यांच्या पायापाशी, म्हणजे माझा उजवा पाय गिअरच्या दांडीवरून पलीकडं टाकावा लागला. डावा पाय जीपच्या बाहेर लोंबत होता. सुभेदारांच्या खांद्यावर माझी हनुवटी. अंगणातून कुणीतरी हसलं. मी ओळखलं, चारुशीला होती ती.

"मास्तर, मी हुकूम देनार. त्यापरमानं करायचं."

"हुकमाची तामिली होईल!" मी म्हणालो.

आता इथं एक गोष्ट मला ठाऊक नव्हती. म्हणजे ठाऊक होती, पण आठवली नाही! फौजेत हुकूम दोन तुकड्यांत देतात. पहिला तुकडा लांबवून, कान टवकारायला. दुसरा तुकडा तोडून, तेव्हा हालचाल. सुभेदारांनी वीस वर्षं तसेच हुकूम दिलेले. ते म्हणाले, "क्लऽऽऽच..."

मी दाबला.

"...दाब!"

मला वाटलं मघाशी नीट दाबला नव्हता. सोडून पुन्हा दाबला. तेवढ्यात त्यांनी गिअर टाकलेला. जीपनं अशी उडी मारली की माझी टोपी मागच्या ज्योतिबांच्या मांडीवर!

"दाबल्याला सोडला का?"

"तुम्ही दोनदा सांगितलंत!"

"एकदाच सांगितलं! क्लऽऽऽच..."

मी सोडला.

"...सोड!"

सोडलेला होता तो मी घाईनं दाबला! जीप कधी गचके देत पुढं, कधी नुसतीच गुरगुरत जागेवर. रस्त्यानं जाणाऱ्या म्हशी थांबून बघायला लागल्या. तशातच उतार लागला. समोर आकारामचं गुऱ्हाळ, काहिलीतून वाफा निघतायत, अंगणभर उसाची चिपाडं वाळत घातलेली, मधोमध वाळल्या चिपाडांची उंच गंजी. आकाराम दोन्ही हात वर करून ओरडले, "आवं सुभेदार! हिकडं न्हवं! हिकडं न्हवं!"

"मास्तर, क्लऽऽऽच..."

या वेळेला मी ठरवलं, पूर्ण हुकूम ऐकल्याशिवाय हलायचं नाही. पण सुभेदारांनी दुसरा तुकडा उच्चारलाच नाही. त्या क्षणी त्यांनी ब्रेकसुद्धा विसरून यमाईचं नाव घेतलं! जीप थेट चिपाडांच्या गंजीत शिरली आणि बंद पडली. समोरून, बाजूनं, वरून, सगळीकडून चिपाडं. आतमध्ये अंधार आणि गोड वास.

बाहेरून आकारामचा आवाज आला, "काकवी पायजे व्हती तर नुसती हाक मारायची की वो!"

कुणाला खरचटलंसुद्धा नाही. मी हसत बाहेर पडलो, कपडे झटकले. सुभेदार मात्र तसेच चिपाडांत बसून राहिले. त्यांचा चेहरा बघितला आणि माझं हसू गेलं.

"मास्तर," ते म्हणाले, "पाय गेला तवा म्या रडलो न्हाई. ही गाडी मिळाली तवा रडलो. वरसातनं येक दिवस ती शेजारी बसती, मी चालवतो, लोक बघत्यात. येवढंच व्हतं. आता मागच्या शिटावर गटुळ्यागत बसून जायचं, दुसरं काय?"

मी त्यांच्या अंगावरची चिपाडं वेचायला लागलो.

शेवटी ज्योतिबांनीच तोंड उघडलं. "सांगलीत बिराप्पा म्हनून हाय. त्येनं मुंबईत असल्या गाड्या उघडल्यात म्हनं. बॉक्स काढून त्येच्यापुढं टाकू. नवा हुडकायचा का हाताचा क्लच करायचा, त्यो सांगंल."

आकारामचा गुळाचा टेम्पो शुक्रवारी सांगलीच्या मार्केटला जाणार होता. ज्योतिबांनी बॉक्स खाली उतरवला. तेल सांडू नये म्हणून त्याच्या भोकांत मक्याची, दाणे काढलेली बुरकुंडं ठोकली, आणि चौघांनी उचलून तो टेम्पोत गुळाच्या ढेपांमध्ये ठेवला. सुभेदार ड्रायव्हरशेजारी बसले. बनुवहिनीही हट्टानं निघाल्या. "सांगलीच्या गनपतीला नारळ फोडते," म्हणाल्या. त्यांचीही सोय पुढं झाली आणि मी मागं, गूळ, गिअरबॉक्स आणि मुंगळे यांच्या संगतीत. कऱ्हाडपर्यंत मुंगळ्यांचं लक्ष गुळाकडं होतं. पुढं त्यांनाही बदल हवासा वाटला असावा. इस्लामपूर येईपर्यंत मी उभाच होतो.

बिराप्पाचं शेड कुपवाडच्या रस्त्याला. बिराप्पा म्हणजे सहा फूट उंच, कपाळाला भंडारा, बोलणं कानडी वळणाचं. बॉक्स बघून त्याचा चेहरा असा खुलला की जणू जुना मित्रच भेटला.

"अगागा! कुठनं आणला री हा? दहा वर्षं झाली असला बघून!" त्यानं बॉक्सवरनं हात फिरवला. "बसा री, बसा."

मी वही उघडली. "आपल्यापुढं आता दोन पर्याय आहेत. एक, हाताचा क्लच..."

"थांबा री मास्तर." त्यानं एक बुरकुंड उपसलं. आतलं काळपट तेल बोटावर घेतलं. बोट उन्हात धरलं. नाकाशी नेलं. मग, मी शपथेवर सांगतो, त्यानं ते जिभेला लावलं!

"शेंगतेल," बिराप्पा म्हणाला.

"काय?"

"शेंगतेल री! घाण्याचं. यात लाल तेल लागतंय, वेगळं. हे तर तळून तळून चिकट झालंय सगळं. भजी काढायची होती का काय यात?"

मला चारुशीलाचं नाक आठवलं. पाठोपाठ दुसरंही काहीतरी आठवायला लागलं.

"शेंगतेल?" सुभेदार ताडकन उठले. "माज्या गाडीत? कुनी घातलं?"

बनुवहिनी कोपऱ्यात नारळाची पिशवी धरून उभ्या होत्या. "मी घातलं," त्या म्हणाल्या.

"तू?"

"खंडेनवमीला. समद्या अवजारांस्नी तेल दिलं, हिला न्हाई म्हनून वाईट वाटलं. तुमी म्हनला व्हता की गाडी म्हातारी झाली, आता किती दीस चालंल कुनास ठावं. त्या लांब नळीतनं तुमी तेल घालता ते म्या बघितलं व्हतं. औंधच्या देवीच्या समईतलं वाटीभर तेल आनलं व्हतं, त्यात घरचं तांब्याभर मिसाळलं आनि वतलं." त्यांचा आवाज बारीक झाला. "गाडीवर बसला की तुमी पयल्यासारकं दिसता. लगीन झालं तवासारकं. म्हनलं, देवीचं तेल हाय, गाडीला आउक्ष लाभंल."

सुभेदार उभे होते ते खाली बसले. मिशीवरनं हात फिरवला, पुन्हा फिरवला. "तांब्याभर?" एवढंच म्हणाले. पण ज्या आवाजात म्हणाले तो फौजेतला नव्हता.

बिराप्पानं तेलाचं बोट फडक्याला पुसलं. मग म्हणाला, "ते सगळं बरं आहे री वैनी. पण मशिनीत खायचं तेल चालतंय, हे तुमाला सांगितलं कुणी? तो माणूस मला एकदा बघायचाय!"

आणि आता मला सगळं लख्ख आठवलं. खंडेनवमीची सकाळ. मी पेपर वाचत बसलेलो, तोंडात शंकरपाळं. बनुवहिनी दारात. "मास्तर, गाडीच्या नळीत खायाचं तेल घातलं तर चालंल का? शास्त्रात काय म्हनत्यात?" आणि मी, पेपरातून मान वर न काढता, "वहिनी, घर्षण कमी करणं हा तेलाचा गुणधर्म! वंगण म्हणजे स्निग्ध पदार्थ. खायचं तेल तर उलट जास्त शुद्ध! चालेल काय, पळेल!"

बनुवहिनींनी माझ्याकडं बघितलं. मी वहीकडं बघितलं. तीन रकाने, समास, अधोरेखन, सगळं कसं नीटनेटकं!

"कुनी न्हाई सांगितलं," बनुवहिनी म्हणाल्या. "माजं मीच घातलं."

माझा जीव भांड्यात पडला, आणि मान खाली गेली.

"बरं, आता बॉक्स बदलून कुठला बसवायचा ते सांग," सुभेदार म्हणाले.

"बदलायचा कशाला री? धुवायचा! दोन-चार प्लेटा झिजल्यात, त्या मी मुंबईहून मागवतो. बाकी माल अजून वीस वर्षं मरत नाही." बिराप्पानं माझ्या वहीकडं नजर टाकली. "मास्तर, ते रकाने खोडा."

आठव्या दिवशी बॉक्स गुळाशिवाय परत आला. ज्योतिबांनी बसवला, बिराप्पानं दिलेलं लाल तेल घातलं, आणि सुभेदारांनी चावी फिरवली. गाडी चढ अशी चढली की अर्जुना मागं पळत म्हणत होता, "आयला, क्लच न्हाई! खरंच न्हाई!"

पौर्णिमेला आम्ही चौघं औंधला गेलो. कोरेगाव मागं पडलं, रहिमतपूर मागं पडलं. पुढं सुभेदार, शेजारी बनुवहिनी, दोघंही फेटा आणि पदर सांभाळत ताठ. रस्त्यानं चालणारे यात्रेकरू वळून वळून बघत होते. मला इतका आनंद झाला होता की यायच्या वाटेवर मी मागच्या सीटवरून चारुशीलाला घर्षण समजावून सांगायला लागलो.

तेवढ्यात बनुवहिनी मागं वळल्या. त्यांच्या हातात देवीच्या समईतल्या तेलाची बाटली होती. चेहरा अगदी साधा.

"मास्तर, ह्या वर्साला हे तेल कशात वतू? शास्त्रात काय म्हनत्यात?"

आरशात सुभेदारांच्या मिशा हलताना दिसल्या. म्हणजे त्यांनाही सगळं ठाऊक होतं! कधीपासून, कुणास ठाऊक. माझ्या कपाळाला घाम फुटला. उत्तर नेहमीसारखं जिभेवर आलं होतं, तापमान आणि स्निग्धता वगैरे. मी ते गिळलं.

"मला ठाऊक नाही," मी म्हणालो.

चारुशीलानं माझ्या कपाळाला हात लावून बघितला आणि पुढं वाकली.

"सुभेदार, जरा गाडी थांबवता का? यांना बरं नाहीसं दिसतंय!"